कुठले हद्दाद?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुतण्या ब्राझीलमध्ये साओ पावलोत स्थायिक झाला आणि तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न ठरलं. तिचं आडनाव हद्दाद. पणजोबा लेबनॉनहून आले एवढंच तिच्या घरी माहीत आहे, गावाचं नाव कुणालाच आठवत नाही. इकडे नात्यातलं कुणी म्हणालं, "अरबी आडनाव म्हणजे मुसलमान," आणि तिकडे तर मुलीची आजी दर रविवारी चर्चमध्ये जाते. इंटरनेटवर एकानं लिहिलंय की सगळे हद्दाद हे घस्सानी राजांचे वंशज. दुसऱ्यानं लिहिलंय की हे नाव हदद नावाच्या प्राचीन देवावरून आलं. यातलं खरं काय, आणि मूळ गाव सापडेल का?

पंचवीसेक वर्षं मी अरबी कागदपत्रांची भाषांतरं करते आहे. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले, वारसाचे कागद. हद्दाद हे नाव या कामात इतक्यांदा समोर आलं की त्याच्याबद्दल मला आपलेपणा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हद्दाद म्हणजे लोहार. अरबीत लोखंडाला 'हदीद' म्हणतात. शब्दाचा मूळ धातू, म्हणजे मुळाक्षरं, ह-द-द, आणि त्यात धार, अडवणं, सीमा हे सगळे अर्थ येतात. आपल्या मराठीतली 'हद्द' हीच, 'हद्दपार'मधली. जुन्या अरबी कोशांत 'हद्दाद'चा आणखी एक अर्थ दिलेला आहे: द्वारपाल किंवा तुरुंगाचा रखवालदार, कारण तो माणसाला हद्दीत अडवून ठेवतो. आडनाव म्हणून मात्र जवळजवळ सगळीकडे लोहार हाच अर्थ धरायचा.

शब्दाची घडणही बघण्यासारखी आहे. अरबीत धंद्याचं नाव करायचं असेल तर धातूतलं मधलं अक्षर दुप्पट करतात आणि त्यापुढे 'आ' लावतात. नज्जार म्हणजे सुतार, खब्बाज म्हणजे रोटी भाजणारा, खय्यात म्हणजे शिंपी, हद्दाद म्हणजे लोहार. हा साचा आपल्याला परका नाही. सराफ हा मुळात 'सर्राफ', दलाल हा 'दल्लाल', हमाल हा 'हम्माल'. हजाम, बजाज, अत्तार, जल्लाद ही सगळी याच साच्यातून निघालेली नावं, फारसीच्या वाटेनं मराठीत आली आणि बऱ्याच ठिकाणी आपल्या जिभेवर त्यांचं जोडाक्षर झिजलं. सराफ, दलाल, अत्तार ही तर आपल्याकडे आडनावंही आहेत. आता सांगा, पुण्यातले सराफ आणि इंदूरचे सराफ एकाच रक्ताचे असं आपण धरून चालतो का? नाही. दोघांच्याही घराण्यात कुणीतरी नाणी पारखत होतं, इतकंच त्यावरून कळतं. हद्दादचंही तसंच आहे.

आता तो हदद देव. प्राचीन सीरियात हदद हा वादळाचा, पावसाचा देव होता हे खरं. बायबलमध्ये दमास्कसच्या राजांचं नाव बेन-हदद येतं, म्हणजे हददचा पुत्र. पण आडनावाशी त्याचा संबंध नाही. अरबीत दोन वेगळे 'ह' आहेत. एक आपल्या 'ह'सारखा हलका, दुसरा घशातून घासून येणारा. देवाच्या नावात पहिला, लोहाराच्या नावात दुसरा. शिवाय लोहारातला 'द' दुप्पट, देवातला साधा. अरबी लिपीत दोन शब्द समोर ठेवले तर शाळकरी मूलही फरक सांगेल. देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही 'ह' एकाच अक्षरानं लिहावे लागतात, आणि त्या फटीतून अशा कथा आत शिरतात.

हे नाव जुन्या काळापासून सापडतं, पण आडनाव म्हणून नव्हे. नवव्या शतकात इराणमधल्या निशापूरमध्ये अबू हफ्स अल-हद्दाद हे सूफी होऊन गेले. ते खरोखरीचे लोहार होते. कुराणातली आयत कानावर पडली आणि भान हरपून त्यांनी भट्टीतलं लाल लोखंड सांडशीऐवजी नुसत्या हातानं बाहेर काढलं, अशी आख्यायिका आहे. दहाव्या शतकात इजिप्तमध्ये इब्न अल-हद्दाद नावाचे शाफई पंथाचे मोठे कायदेपंडित होते. अकराव्या शतकात अंदलुसमधल्या, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधल्या, अल्मेरियात त्याच नावाचा कवी होता. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तेव्हा हद्दाद हा 'लकब' होता, म्हणजे ओळखीसाठी जोडलेलं उपनाव. बापाचा लकब मुलाकडे जाईलच असं नव्हतं. मुलगा शिंपी झाला की लोक त्याला खय्यात म्हणू लागत.

नाव पिढ्यान्‌पिढ्या गोठलं ते सरकारी नोंदणी आली तेव्हा. अल्जीरियात फ्रेंचांनी १८८२मध्ये कायदा करून प्रत्येकाला कायमचं आडनाव घ्यायला लावलं. ज्यांचं नाव ठरलं नाही त्यांच्या कागदावर 'आडनाव नाही' या अर्थाची फ्रेंच अक्षरं लिहिली गेली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तीच त्यांना चिकटली. लेबनॉनमधली आजची कुटुंबनोंद १९३२च्या शिरगणतीवर उभी आहे. म्हणजे एखाद्याच्या आजोबांनी घण हातातही धरला नसेल, पण गावात घराला 'बैत अल-हद्दाद', लोहाराचं घर, असं म्हणत असतील, तर कारकुनानं तेच लिहिलं आणि ते कायम झालं.

प्रत्येक गावाला एक लोहार लागतोच. नांगराचा फाळ, विळा, घोड्याचा नाल, दाराची कडी. आपल्याकडे बारा बलुतेदारांत लोहार होता आणि सुगीला त्याचं बलुतं पोचायचं. सीरिया-पॅलेस्टाइनच्या गावांतही लोहाराला वर्षभराच्या कामाचे पैसे न देता सुगीच्या वेळी धान्य द्यायची रीत होती. ऐरण एका गावात एकच. म्हणून एका गावात हद्दाद हे घर एक, पण अशी गावं शेकडो. प्रत्येक गावात हे नाव स्वतंत्रपणे जन्माला आलं. सगळ्या हद्दादांचा एक मूळपुरुष शोधणं म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या पाटलांचा एक मूळपुरुष शोधणं.

घस्सानी राजांची गोष्टही इथेच निकालात निघते. घस्सानी हे इस्लामपूर्व काळात बायझंटाइन साम्राज्याच्या सीमेवर राहणारे ख्रिस्ती अरब. जॉर्डन-लेबनॉनमधली बरीच ख्रिस्ती घराणी आपली मुळं तिथे सांगतात, त्यांत काही हद्दादही आहेत. घराण्याची आठवण म्हणून मी त्याचा मान ठेवते. पण सातव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत बाप-मुलगा अशी सलग साखळी दाखवणारा कागद मी आजवर पाहिलेला नाही. आणि सगळेच हद्दाद घस्सानी, हे तर आडनावाच्या घडणीलाच धरून नाही.

एका लोहार घराण्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आज पॅलेस्टिनी प्रशासनाचं मुख्य ठाणं असलेलं रामल्ला शहर एका लोहारानं वसवलं अशी तिथली परंपरा आहे. सोळाव्या शतकात जॉर्डन नदीच्या पूर्वेला, कराक भागात, राशिद हद्दादीन नावाचा ख्रिस्ती लोहार राहत होता. घरात मुलगी जन्मली तेव्हा भेटीला आलेल्या मुसलमान सरदारानं "ही आमच्या मुलाला" असं म्हटलं आणि घरच्यांनी रिवाजाप्रमाणे "तुमचीच आहे" असं उत्तर दिलं. सरदारानं तो शब्द खरा धरला आणि पुढे मागणी घातली. नाही म्हटलं तर वैर, हो म्हटलं तर धर्माचा प्रश्न. शेवटी राशिद बिऱ्हाड उचलून नदीपलीकडच्या डोंगरावर आला. जागा निवडताना त्यानं काय पाहिलं? रान. भट्टीला जळण हवं! मला ही कथा फार आवडते, कारण राजा जागा निवडतो ती किल्ल्यासाठी, आणि लोहार निवडतो ती कोळशासाठी. आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं यात आणखी एक गोष्ट आहे. राशिदला पाच मुलं झाली आणि रामल्लाची जुनी घराणी त्यांच्यापासून मोजतात. त्यातल्या एकाच शाखेकडे हद्दाद हे नाव राहिलं, बाकीच्या शाखा वेगळ्या नावांनी ओळखल्या जातात. म्हणजे या लोहाराचे सगळे वंशज हद्दाद नाहीत, आणि सगळे हद्दाद याचे वंशज नाहीत.

राशिद ख्रिस्ती होता यात आश्चर्य नाही. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन, जॉर्डन या पट्ट्यात हद्दाद हे मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती आडनाव आहे. ऑर्थोडॉक्स, मेल्काइट, मॅरोनाइट या तिथल्या ख्रिस्ती पंथांत, सगळ्यांत सापडतं. १९०६ ते १९२८ या काळात अँटिओकच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू (पॅट्रिआर्क) असलेले चौथे ग्रेगरी मूळचे हद्दाद. माझ्या मते यामागचं एक मोठं कारण असं: बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या, टोळ्यांमध्ये हातानं काम करणाऱ्या कारागिराला मान नव्हता. टोळीतला माणूस ऐरणीला बसायचा नाही आणि लोहाराला मुलगी द्यायचा नाही. पण तलवार आणि नाल तर हवेत. मग ते काम टोळीबाहेरच्यानं करायचं, आणि वाळवंटाच्या कडेच्या गावांत टोळीबाहेरचा म्हणजे बरेचदा ख्रिस्ती.

हा दुरावा सर्वांत कठोर दिसतो तो चाड देशात. तिथे कानेम भागात हद्दाद हे आडनाव नसून एका समाजाचंच नाव आहे. लोहारकाम आणि शिकार करणारे, आणि ज्यांच्याशी आसपासचे लोक सोयरीक करत नाहीत असे. लेबनॉनमध्ये मंत्री, बिशप, कवी अभिमानानं लावतात तोच शब्द तिथे माणसाला खाली बसवायला वापरला गेला.

मुसलमान हद्दादही पुष्कळ आहेत, फक्त भूगोल बदलतो. येमेन आणि बहरीनमध्ये 'अल-हद्दाद', इजिप्त आणि मोरोक्कोत 'एल हद्दाद' असं लिहिलेलं दिसेल. अल्जीरियाच्या कबाइल डोंगरांत १८७१ साली फ्रेंचांविरुद्ध मोठा उठाव झाला. त्याचे एक पुढारी शेख अल-हद्दाद, रहमानिया या सूफी पंथाचे वृद्ध पीर, आणि त्यांचं घराणं सेद्दूक गावचं, लोहाराचं. १८७३मध्ये ते कॉन्स्टंटाइनच्या तुरुंगात वारले. ट्युनिशियात ताहर हद्दाद (१८९९–१९३५) यांनी १९३०मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं. त्यापायी त्यांचा इतका छळ झाला की ते एकाकी अवस्थेत वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेले. १९५६मध्ये ट्युनिशियानं बहुपत्नीत्वावर बंदी घातली तेव्हा त्यांचं नाव आदरानं घेतलं गेलं. मराठी वाचकाला इथे रघुनाथ धोंडो कर्वे आठवले तर नवल नाही.

आणि एक हद्दाद असे की ज्यांचा ऐरणीशी संबंधच नाही. येमेनमधल्या हद्रमौत प्रांतातलं तरीम गाव. तिथले इमाम अब्दुल्ला बिन अलवी अल-हद्दाद (१६३४–१७२०) हे सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या वंशातले मानले जाणारे. लहानपणीच देवीच्या रोगात त्यांची दृष्टी गेली, पण विद्वान म्हणून नाव दूरवर पोचलं. त्यांचे एक पूर्वज लोहाराच्या दुकानात जाऊन बसायचे, त्यावरून घराण्याला हे नाव पडलं, असं परंपरा सांगते. या घराण्याची माणसं व्यापार आणि धर्मप्रसाराच्या निमित्तानं जावा, सिंगापूरपर्यंत गेली. इमामांनी रचलेला 'रातिब', म्हणजे रोजच्या प्रार्थनेचा पाठ, मलबारच्या मशिदींत आजही म्हटला जातो. याच हद्रमौतमधून निजामाच्या फौजेत अरब आले. मराठवाड्यातले चाऊस ते त्यांच्यातलेच. परभणी-नांदेडच्या वाचकांना म्हणून हा प्रांत तितकासा दूरचा वाटू नये.

यहुदी हद्दादही आहेत, ट्युनिशिया, लिबिया, इराकमधले, आणि त्यांच्यातले बहुतेक आज इस्रायलमध्ये. पण इथे जपून. इस्रायलची प्रसिद्ध गायिका सरित हदद हिचं जन्माचं आडनाव हुदादातोव्ह, आणि घराणं दागेस्तानकडच्या डोंगरी यहुद्यांचं. रंगमंचासाठी नाव आटोपशीर केलं आणि ते अरबी लोहारासारखं दिसू लागलं. इराणमध्ये हेच नाव फारसी प्रत्यय घेऊन 'हद्दादी' होतं. अमेरिकेत काही हद्दादांनी नावाचं सरळ भाषांतर केलं आणि ते स्मिथ झाले. ते तर आडनावावरून कधीच ओळखू येणार नाहीत.

आता ब्राझील. १८६०मध्ये लेबनॉनच्या डोंगरात आणि दमास्कसमध्ये ख्रिस्ती लोकांच्या कत्तली झाल्या. पुढे रेशमाचा धंदा बसला. १९०९पासून तिथल्या उस्मानी (तुर्की) सरकारनं ख्रिस्ती तरुणांनाही सक्तीनं फौजेत घ्यायला सुरुवात केली. १९१५ ते १९१८ या काळात तर डोंगरात भयंकर दुष्काळ पडला. ज्याला जमलं तो निघाला. बैरूतहून मार्सेल, तिथून न्यूयॉर्क किंवा ब्युनोस आयरिस किंवा ब्राझीलचं सांतोस बंदर. हातात उस्मानी कागद, म्हणून दक्षिण अमेरिकेत सगळ्यांना सरसकट 'तुर्को' म्हणत. सुरुवातीला बहुतेकांनी पाठीवर पेटी घेऊन गावोगाव सुया, दोरे, कापड विकलं. मग साओ पावलोच्या पंचवीस मार्च रस्त्यावर दुकानं उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये सीरियातल्या होम्स शहराचे अब्दुल मसीह हद्दाद यांनी १९१२मध्ये अरबी वर्तमानपत्र काढलं, आणि पुढे खलील जिब्रानच्या साहित्यमंडळात ते आणि त्यांचे भाऊ नदरा दोघेही होते. ब्राझीलचे फर्नांदो हद्दाद तुम्हाला बातम्यांतून माहीत असतील. साओ पावलोचे माजी महापौर, २०१८च्या अध्यक्षीय निवडणुकीत हरलेले आणि २०२३मध्ये अर्थमंत्री झालेले. त्यांचे वडील खलील १९४७मध्ये लेबनॉनमधल्या ऐन अता गावाहून आले, कापडाचा धंदा केला. आजोबा ऑर्थोडॉक्स धर्मगुरू होते. तुमच्या सुनेच्या घरचे आणि हे एकच का, असं विचाराल तर आडनावावरून काहीच सांगता येणार नाही. गाव जुळलं तरच.

स्पेलिंगनं थोडी मदत होते. अर्जेंटिनात स्पॅनिश कारकुनानं बरेचदा एकच 'द' लिहिला, तर फ्रेंच-इंग्रजी वळणात दोन राहिले. पण यावर विसंबू नका. सुरुवातीच्या काळात मी दोन सख्ख्या भावांच्या वारसाचे कागद केले. एकाच्या मुलांचे कागद बैरूतचे, दुसऱ्याच्या मुलांचे ब्युनोस आयरिसचे. मी प्रत्येक कागदावर जसं होतं तसं लिहिलं, एकीकडे दोन 'द', एकीकडे एक, आणि खाली टीप दिली नाही. ज्या कार्यालयात ते दाखल झाले तिथे विचारणा झाली की हे भाऊ आहेत याला पुरावा काय. प्रकरण कित्येक महिने अडलं. चूक माझी होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक नावाशेजारी मूळ अरबी अक्षरं देते.

तर गाव कसं शोधायचं? लेबनॉनमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली की विचारतात, "मिन बैत मीन?" म्हणजे कुणाच्या घरचे? आणि उत्तर हद्दाद असेल तर लगेच दुसरा प्रश्न, कुठले हद्दाद? आपण "कुठले पाटील?" विचारतो तसंच. तिथल्या सरकारी कागदावरही हेच दिसतं. कुटुंबाच्या नोंदीच्या उताऱ्यावर वर जिल्हा, तालुका आणि गाव, मग नोंदवहीतला क्रमांक, त्याला 'सिजिल' म्हणतात. खाली एकेका ओळीत माणसाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासह, जन्मठिकाण, पंथ. लग्न झालं की बाईची नोंद नवऱ्याच्या सिजिलवर जाते. गाव, पंथ आणि सिजिल क्रमांक जुळला की घर जुळलं. आडनाव या तिन्हींच्या मागून येतं.

तुम्हाला उलट्या दिशेनं जावं लागेल, ब्राझीलकडून लेबनॉनकडे. पहिल्यांदा चर्च बघा. पणजोबांचं लग्न किंवा मुलांचा बाप्तिस्मा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये झाला, मॅरोनाइट की मेल्काइट, हे कळलं की गावांची यादी एका फटक्यात लहान होते. साओ पावलोत तिन्ही आहेत आणि आपापल्या नोंदवह्या ठेवतात. लग्नाच्या नोंदीत साक्षीदारांची नावं जरूर वाचा. परदेशात साक्षीला उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच गावचा असतो, आणि त्याच्या घरच्यांना गाव आठवत असू शकतं. कुटुंब कुठल्या मंडळात जात होतं तेही विचारा. होम्सच्या लोकांनी साओ पावलोत १९२०मध्येच आपला क्लब स्थापला. आजोबा तिथे जात असतील तर मूळ आजच्या सीरियात असण्याची शक्यता मोठी, कारण त्या काळी लेबनॉन, सीरिया हा भेद लोक आजच्यासारखा करत नसत.

बोटींच्या याद्यांमध्ये केवळ 'हद्दाद' शोधू नका. जिर्जिसचा जॉर्जी झाला, यूसुफचा जोझे. कधी अधिकाऱ्यानं बापाचं नावच आडनाव म्हणून लिहिलं, आणि एक भाऊ हद्दाद तर दुसरा एलियास झाला. म्हणून पणजोबांच्या वडिलांचं नाव आधी मिळवा.

आणि सगळ्यात आधी त्या आजीकडे जा. तिला गावाचं नाव विचारू नका, ते आठवत नाही असंच ती म्हणेल. तिचे वडील जेवताना कशाला काय म्हणायचे, ओरडायचे कसे, कुठल्या संताचा सण पाळायचे, गावाजवळ काय होतं, झरा, मठ, बर्फाचा डोंगर, ते विचारा आणि पोरीला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. लेबनॉनमध्ये उच्चार खोऱ्याखोऱ्याला बदलतात आणि एका शब्दावरूनही प्रदेश कळू शकतो. पणजोबांची कबर साओ पावलोत असेल तर तिथेही जाऊन या. त्या पिढीच्या कित्येक थडग्यांवर पोर्तुगीज मजकुराच्या खाली अरबीत दोन ओळी कोरलेल्या असतात, आणि पोर्तुगीजमध्ये नसलेलं जन्मगाव त्या ओळींत असू शकतं. दगड ओल्या फडक्यानं पुसून, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढायला सांगा, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. फोटो पाठवलात तर मी वाचून देईन.